दोन कुलपं आणि एक खिडकी

माझ्या थोरल्या नणंदेनं आयुष्यात कुठलीही गोष्ट एकदाच केलेली नाही. दाराला कुलूप लावलं की ती ते ओढून बघते, मग त्याच्याखाली दुसरं लावून तेही ओढते, मग फाटकापर्यंत जाऊन परत येते आणि दोन्ही कुलपांना मिळून असा हिसका देते की आपल्याच हातून काही चूक झाली असावी असं त्या कुलपांनाही वाटावं. गॅस बंद केल्यावर तो खरंच बंद झाला का हे पाहायला ती लायटर दाबून बघते, आणि आता गॅसजवळ उगाच लायटर दाबला या धास्तीनं खिडकी उघडून अंगणात जाऊन उभी राहते. मारेगावच्या बसवर मारेगावची पाटी असते, कंडक्टर दारात उभा राहून मारेगावच ओरडत असतो, तरी ती चढण्याआधी ड्रायव्हरला विचारते आणि बसल्यावर शेजारणीला. अपवाद एकट्या लग्नाचा. ते तिनं एकदाही केलं नाही. एकदा एक मुलगा पाहायला आला होता. चहा देता देता हिनंच त्याला विचारलं, "गाडी चालवताना फोन उचलता का?" तो बिचारा हसून म्हणाला, "कधीमधी." विषय तिथंच संपला. पाहुणे गेल्यावर ती मला म्हणाली, "वयनी, मानूस चांगला आहे व. पण याची वाट पाह्यता पाह्यताच मी मरून जाईन. असं लगन कायले करू?"

ती यवतमाळला दोन खोल्यांत एकटी राहते. आम्ही मारेगावला, मी तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. सासूबाई, म्हणजे तिची आई, झरी जामणीकडच्या आमच्या गावी. त्यामुळे या बाईचा अर्धा जन्म बसमध्ये जातो आणि त्यातला पुन्हा अर्धा, घराचं कुलूप लागलं होतं की नाही याचा विचार करण्यात. मध्यंतरी तिनं यावर एक तोड काढली. निघताना कुलपांचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि वाटेत शंका आली की बघायचा. पहिल्या खेपेला ती इतकी खुशीत आमच्याकडं आली की मला वाटलं, बाई सुधारली. संध्याकाळी चहा घेताना तिनं फोटो पुन्हा उघडला, मोठा करून पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "वयनी, हा फोटो आजचाच आहे कशावरून?" तेव्हापासून ती त्या दिवसाचा पेपर कुलपाजवळ धरून फोटो काढते. तिच्या मोबाइलमध्ये माणसांचे फोटो फार नाहीत. कुलपांचे मात्र इतके आहेत की एखाद्या चोराला अभ्यासाला पुरावेत.

फोनवर ती पहिल्यांदा "जयभीम" म्हणते आणि श्वास न घेता पुढं, "कोणाले काही झालं नाही ना?" मग एकेकाची चौकशी. आधी आई, मग भाऊ, मग मी, मग गावची बकरी. सगळं बरं आहे असं सांगितलं की तिचा आवाज खाली जातो. "सगळंच? असं कसं बावा?" म्हणून हल्ली मी तिच्यासाठी एखादी लहानशी अडचण हाताशी ठेवते. नळाला दोन दिवस पाणी नाही, ह्यांना सर्दी झाली, माझी चप्पल तुटली. असं काहीतरी दिलं की तिचा जीव भांड्यात पडतो. तुटलेल्या चपलेवर ती पाच मिनिटं मनापासून बोलते आणि मग तिला झोप लागते.

तिच्या खांद्यावरच्या पिशवीत दोन बॅटऱ्या, मेणबत्ती, काडेपेटी, सुईदोरा, दाभण, मीठ-साखरेच्या पुड्या आणि एक नायलॉनची दोरी असते. दोरी कशाला, असं विचारायची सोय नाही. ती सांगते, आणि ऐकलेलं नंतर स्वप्नात येतं. कळंबला आमच्या एका नातलगाच्या लग्नात ऐन वेळी नवरदेवाच्या सँडलचा पट्टा तुटला. मंडपात धावपळ सुरू झाली. हिनं शांतपणे पिशवीतून दाभण काढली, दोरा काढला आणि तिथंच बसून पट्टा शिवून दिला. लोक वाहवा करत होते. ही माझ्या कानाशी लागून म्हणाली, "दाभण वाकली व वयनी. आता जाताना काही तुटलं तर?"

नशिबानं तिला नोकरी अशी मिळाली की जिथं या स्वभावाचा पगार मिळतो. जंगलाचा अभ्यास करणारी एक संस्था आहे, तिच्या यवतमाळच्या कचेरीतला मोठा संगणक ती सांभाळते. त्या संस्थेनं आमच्या भागातल्या एका वाघिणीच्या गळ्यात पट्टा घातला होता. पट्टा थोड्या थोड्या तासांनी तिचा ठिकाणा पाठवायचा, तो या संगणकात येऊन पडायचा, आणि तिथला एक जुनापुराणा प्रोग्राम त्या सांकेतिक आकड्यांचा उलगडा करून नकाशावर ठिपका काढायचा. तो ठिपका म्हणजे वाघीण. तो प्रोग्राम दुसऱ्या कुठल्याच संगणकावर चालत नाही, म्हणून नणंदेनं त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. त्यातल्या माहितीची ती रोज एक प्रत काढायची. प्रत खराब झाली तर, म्हणून प्रतीचीही एक प्रत. "माह्यं काम म्हंजे दारं लावणं," असं ती सांगते. ठिकाणा बाहेर फुटला आणि एखाद्या शिकाऱ्याच्या हाती लागला तर, या विचारानं ती त्या संगणकाची एकेक वाट बंद करत सुटली होती.

बाहेरगावी असताना त्या संगणकात शिरायची एक कुलूपबंद वाट असते, तिला एसएसएच म्हणतात. त्या वाटेनं अक्षरं ये-जा करतात. चित्र हवं असेल तर वेगळी मुभा लागते. मुभा असली की प्रोग्राम चालतो यवतमाळच्या संगणकावर, आणि त्याची खिडकी मात्र उघडते आपल्या समोरच्या लॅपटॉपवर. "चूल तिकडं अन् ताट इकडं," असं तिनं मला समजावलं होतं. मला एवढंच कळलं, आणि पुढं जे झालं त्याला एवढंच पुरलं.

मागल्या हिवाळ्याच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. कापसाची वेचणी सुरू होती, सुटीचा दिवस होता, आम्ही तिघं गावी गेलो होतो. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, गावातल्या काही बायांना घेऊन सकाळीच नाल्यापलीकडच्या वावरात वेचायला गेल्या होत्या. दुपारी जेवणं झाल्यावर नणंद लॅपटॉप घेऊन स्लॅबवर गेली, कारण आमच्या गावात मोबाइलला रेंज फक्त स्लॅबवरच्या पाण्याच्या टाकीजवळ येते. मी वाळत घातलेले पापड उलटायला गेले होते. तेवढ्यात तिचा फोन वाजला. जंगलात वाघिणीच्या मागावर फिरणारा तिचा एक सहकारी होता. त्याचा आवाज तुटत होता. "मॅडम, अँटेनाले संकेत तुमच्या गावाकडून येऊन राह्यला. नाल्याच्या अंगानं. नेमकं कळत नाही. तुम्ही नकाशा पाहून घ्या." एवढं बोलून तो जंगलात बुडाला. पुन्हा लावला तर फोन आवाक्याबाहेर.

तिनं माझ्याकडं पाहिलं. एरवी तिच्या चेहऱ्यावर दहा काळज्या एकमेकींना ढकलत असतात. आज एकच होती.

"वयनी, माय कोणत्या वाटेनं गेली?"

"जवळच्याच. नाल्यातून."

वावराला दोन वाटा आहेत. जवळची वाट झुडपी जंगलातून नाल्यात उतरते आणि पलीकडं चढते. लांबची डांबरी रस्त्यानं तलावाला वळसा घालून जाते. बाया डोक्यावर गाठोडी घेऊन जवळच्याच वाटेनं परततात. आत्याबाईंचा मोबाइल घरात फळीवर होता. वावरात नेला तर हरवेल, म्हणून त्या तो घरी जपून ठेवतात. शेवटी ही लेक त्यांचीच.

ह्यांना खालून हाक मारली. ऐकताच ह्यांनी मोटारसायकलला किक मारली.

"थांब रे बापू!" नणंद वरून ओरडली. "कोणत्या वाटेनं चालला?"

"नाल्यातून. लवकर पोहोचतो."

"अन् ती नाल्यात असली तर?"

"मंग तलावाकडून जातो."

"अन् तलावाकडं असली तर? नाहीतर तू तलावाकडून गेला अन् तेवढ्यात माय नाल्यात उतरली तर? मले आधी पाहू दे. दोन मिनिटं दे."

ह्यांनी गाडी बंद केली. वनखात्याच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, आम्ही निघतो, पण पोहोचायला वेळ लागेल. तोवर नाल्याच्या वाटेनं कोणाला जाऊ देऊ नका. हे त्या बायांना कोण सांगणार होतं?

कचेरीत कोणी जाऊन नकाशा पाहील का, असं मी विचारलं. तिनं पिशवीतून किल्ल्या काढून दाखवल्या. कचेरीलाही दोन कुलपं, आणि किल्ल्यांचे दोन्ही जोड हिच्याच पिशवीत. एक हरवला तर, म्हणून.

मला टाकीला टेकून फोन उंच धरायला सांगण्यात आलं. "हात हालवू नको, वयनी. रेंज गेली तं सगळं गेलं." मी पुतळ्यासारखी उभी राहिले. तिनं लॅपटॉपवर वाट उघडली, आत शिरली, प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर एक ओळ आली. ती मोठ्यानं वाचून तिनं अर्थ सांगितला: "डिस्प्ले उघडता येत नाही." आणि लगेच स्वतःच्या कपाळावर हात मारला. "अव माय, मी एक्स टाकलाच नाही!" खिडकी हवी असेल तर वाट उघडतानाच एक कॅपिटल एक्स टाकावा लागतो म्हणे. कुलपाला पेपर धरणारी ही बाई, तिच्या हातून एक अक्षर राहिलं.

ती बाहेर पडून एक्स टाकून पुन्हा आत शिरली. या खेपेला दुसरीच ओळ. खिडकी पाठवायची विनंती नाकारली. नणंद त्या ओळीकडं बघत राहिली.

"काय झालं व ताई?"

"हे मीच बंद केलं." ती म्हणाली. "दिवाळीच्या आधी. वाटलं, कोण्या चोरट्यानं बाहेरून नकाशा पाह्यला तं तिले मारून टाकतीन. मी कचेरीत त्याच मशीनीपुढं बसतो, मले कायले लागते बाहेरून खिडकी? म्हणून मीच बंद केलं, वयनी. मीच."

(वऱ्हाडात बायाही कधी कधी 'मी बसतो, मी करतो' म्हणतात, ती घाबरली की नेमकी तशी बोलते.)

"मंग उघड ना!" हे खालून ओरडले.

"उघडाले गेली अन् सगळंच बिघडलं तर? मुख्य दारच लागून गेलं तर? इथून आत कशी जाऊ मी?"

ऊन टाकीवरून सरकून तिच्या पाठीवर आलं होतं. खाली मोटारसायकल पुन्हा सुरू झाली, पुन्हा बंद झाली. मी म्हटलं, "ताई, तू एक दार उघडंच ठेव. दुसऱ्या दारानं पाह्य." मला त्यातलं काही कळत नव्हतं, तोंडात आलं ते बोलले. ती म्हणाली, "तेच करून राह्यली." आत शिरलेली पहिली वाट तिनं तशीच उघडी ठेवली, तिला म्हणाली, "तू हालू नको," आणि मला वाटलं मलाच म्हणाली, म्हणून मी आणखी ताठ झाले. त्या उघड्या वाटेनं तिनं संगणकाच्या नियमांची फाइल काढली, 'नाही'चं 'होय' केलं, त्यात काही चूक नाही ना हे संगणकाकडूनच तपासून घेतलं, पुन्हा तपासून घेतलं, आणि नवे नियम लागू करायचा हुकूम दिला. मग शेजारी दुसरी वाट उघडली. उघडली! नकार आला नाही. मी आनंदानं हात खाली घेतला आणि "हात वर!" अशी पोलिसासारखी आरोळी आली.

प्रोग्राम सुरू केला. पुन्हा तेच. डिस्प्ले उघडता येत नाही.

आता मात्र तिचे डोळे भरले. चष्मा काढून तिनं पदरानं पुसला, डोळे तसेच ठेवले, आणि पडद्यावर आलेल्या सगळ्या ओळी वरून खाली पुन्हा वाचायला लागली. मी तिला म्हणणार होते, सोड, ह्यांना जाऊ दे कोणत्याही वाटेनं. पण तिच्याकडं पाहून मी बोलले नाही. जन्मभर ज्या गोष्टीसाठी आम्ही तिला हसलो, तीच ती करत होती: झालेलं काम झालं नाही असं समजून पुन्हा पाहणं. आणि त्यात तिला एक ओळ सापडली, जी आधी पटकन वर सरकून गेली होती. खिडकी उघडायची तर यवतमाळचा संगणक एका लहानशा फाइलीत एक परवली, म्हणजे खुणेचा शब्द, लिहून ठेवतो. ती फाइल त्याला लिहिताच येत नव्हती.

"काहून?" मी विचारलं.

"जागा नाही." तिनं काहीतरी टाइप केलं, आकडे आले. "माह्या वाट्याची जागा पुरी भरली."

"कशानं भरली?"

ती म्हणाली, "प्रतींनी."

रोजची प्रत, प्रतीची प्रत. तिच्या वाट्याच्या जागेत एक परवली ठेवण्याइतकी फट उरली नव्हती. आता काहीतरी पुसावं लागणार होतं. तिनं यादी काढली. पहिलं नाव पाहिलं, "हे नको." दुसरं पाहिलं, "हेही नको, त्यात पावसाळ्याचं सारं आहे." तिसऱ्यावर बोट ठेवून थांबली. खालून ह्यांचा आवाज आला, आणि तो ओरडण्याचा नव्हता, लहान पोरासारखा होता. "ताई, माय तठी आहे ना."

तिनं डोळे मिटले आणि एंटर दाबलं.

मग पुन्हा वाट उघडली, प्रोग्राम सुरू केला. एक पांढरा चौकोन आला आणि तसाच राहिला. आमच्या रेंजमधून यवतमाळचं चित्र थेंबाथेंबानं गळत होतं. वरच्या कोपऱ्यात थोडं हिरवं आलं. एक रेघ आली, ती रस्त्याची. मग तलाव. मग बराच वेळ काही नाही. मी हात आणखी उंच केला, टाचा उचलल्या. मग नाल्याची निळी रेघ हळूहळू खाली उतरत आली, आमच्या गावाजवळ वळली, आणि त्या वळणातच, जिथून बाया रोज पाय ओले करून येतात, तिथं लाल ठिपका बसला होता.

"बापू!" ती कठड्यावरून इतकी वाकली की मी फोन सोडून तिचा पदर धरला. "नाल्यात आहे! तलावाकडून जा! गाडीनं नको, ट्रॅक्टर घे, मानसं घे!"

शेजारच्यांचा ट्रॅक्टर अंगणातच होता. हे आणि आळीतले पुरुष ताटं, डबे, वाजवायला जे हाती लागलं ते घेऊन चढले आणि ट्रॅक्टर धुरळा उडवत गेला.

मला वाटलं, संपलं. "ताई, सुटलो बावा," मी म्हणाले.

ती ठिपक्याकडंच बघत होती. "हा ठिपका आत्ताचा नाही, वयनी. मघाचा आहे. पुढचा ठिपका याले अजून टाइम आहे. ती काय आपल्यासाठी एका जागी बसून राहीन?"

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते मला नीट सांगता येत नाही. वावरात रेंज नाही, ह्यांचा फोन लागणार नव्हता. आम्ही दोघी स्लॅबवर उभ्या होतो, ती नाल्याकडं तोंड करून, मी रस्त्याकडं. नाल्याकडच्या झाडांत टिटवी ओरडली की ती माझं मनगट आवळायची. एकदा मला म्हणाली, "मायनं सकाळी चहा घेतलता ना?" मी म्हटलं, हो. "दोन कप?" मी म्हटलं, हो. खरं म्हणजे मला आठवत नव्हतं.

शेवटी रस्त्याच्या वळणावर ट्रॅक्टरचा आवाज आला. मागच्या ट्रॉलीत कापसाची गाठोडी, गाठोड्यांवर बाया, आणि सगळ्यांत वर आत्याबाई, तणतणत. नणंद जिना उतरली की पडली ते मला कळलं नाही. मी खाली पोहोचेपर्यंत ती ट्रॉलीजवळ बाया मोजत होती. मोजून झाल्यावर पुन्हा मोजल्या. मग आईचे दोन्ही हात चाचपले, खांदे चाचपले, तोंडावरून हात फिरवला.

"काय करून राह्यली व!" आत्याबाई कावल्या. "गाठोडी बांधून निघतच होतो आम्ही, एवढ्यात हा ताटं वाजवत आला. दोन ओळी तशाच राह्यल्या. रातच्या दवानं ओला होईन ना कापूस!"

"माय, नाल्यात वाघीण होती."

आत्याबाईंनी कापूस वेचायला कमरेला बांधलेली ओटी सोडली, झटकली, घडी केली. मग लेकीकडं पाहून म्हणाल्या, "तुले कोणी सांगतलं?" मीच म्हणाले, "ताईनंच पाह्यलं, इथून." आत्याबाईंनी लेकीचा पदर ओढून तिचं तोंड पुसलं, जोरात, लहान मुलीचं पुसतात तसं. "जेवली का तू?" एवढंच विचारलं.

चहा ठेवण्याआधी नणंद पुन्हा स्लॅबवर गेली, खिडकी बंद केली आणि 'होय'चं 'नाही' करून वाट होती तशी लावून आली. "आता वाघिणीचीही काळजी घ्या लागते," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वनखात्याची माणसं नाल्यात उतरली. आम्ही काठावर होतो. ओल्या रेतीत तिची पावलं स्वच्छ उमटली होती, बायांच्या पाऊलवाटेला अगदी लागून. आणि त्या मोठ्या पावलांच्या मागंपुढं, कधी त्यांच्यावर, कधी बाजूला, लहान लहान पावलं. दोन पिल्लं होती तिच्यासोबत. हे कोणालाच ठाऊक नव्हतं. नकाशावर ठिपका एकच होता. नणंद वाकून त्या लहान पावलांकडं पाहत राहिली. मग मला म्हणाली, "पाणी पाजाले आणलं असन व लेकरांले. अन् आपण ताटं वाजवली."

गेल्या उन्हाळ्यात तो पट्टा गळून पडला. तो ठरल्याप्रमाणे आपोआप गळतोच म्हणे. सागाच्या झाडाखाली सापडला. आत्याबाईही आता वावरात जात नाहीत; गुडघे चालत नाहीत, ओसरीत बसून असतात. मला वाटलं, निदान एवढ्या दोन काळज्या तरी बाईच्या डोक्यावरून उतरल्या.

परवा काही कामानं यवतमाळला गेले होते, तर तिच्या कचेरीत डोकावले. सगळे घरी गेले होते. ती मोठ्या संगणकापुढं एकटीच बसली होती. तिथं तो नकाशा बोट लावताच उघडतो. रेंज नाही, एक्स नाही, परवली नाही. जंगल होतं, तलाव होता, नाल्याची निळी रेघ होती. ठिपका नव्हता. ती ते बघत होती.

"काय पाह्यतं व ताई?"

"काही नाही." मग नाल्याच्या रेघेवर बोट ठेवून, "वयनी, पिल्लं आता मोठी झाली असतीन ना?"

"झाली असतीन की."

"मोठी झाली का मायजवळ राह्यत नाहीत ते. आपापल्या जंगलात जातात." तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मंग आता ती एकटीच असन."

मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. बाहेर बसस्थानकाकडच्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते, माझी मारेगावची बस निघून जाणार होती. मी उठले नाही. आम्ही दोघी कितीतरी वेळ तो रिकामा नकाशा पाहत बसलो.